स्वाक्षरीयुक्त क्रीडावस्तूंचे प्रमाणीकरण

स्वाक्षरीयुक्त क्रीडावस्तूंचे प्रमाणीकरण म्हणजे बॅट, चेंडू, जर्सी, हातमोजे, छायाचित्र, तिकीट इत्यादी वस्तूंवर असलेली खेळाडूची सही त्याच खेळाडूने स्वतःच्या हाताने केलेली आहे की नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. सहीचे परीक्षण, वस्तूच्या मालकीचा इतिहास, वस्तूच्या निर्मितीचा काळ, छायाचित्रांची जुळणी आणि प्रमाणपत्राची पडताळणी हे या प्रक्रियेचे प्रमुख भाग आहेत.

अशा वस्तूंसोबत बहुधा एक प्रमाणपत्र आणि क्रमांक असलेला होलोग्राम दिला जातो. मात्र सहीप्रमाणेच प्रमाणपत्राची व होलोग्रामचीही नक्कल करता येते. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र आहे म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही. प्रमाणपत्र कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले आणि ते समोरच्या वस्तूचेच आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो.

## संज्ञा

मराठीत 'सही' आणि 'स्वाक्षरी' हे शब्द समानार्थी वापरले जातात. संग्राहकांच्या व्यवहारात मात्र पुढील भेद महत्त्वाचे ठरतात:

* हस्तलिखित सही – खेळाडूने त्या वस्तूवर स्वतः केलेली सही.
* छापील सही – यंत्राने छापलेली सही. क्रिकेट साहित्याच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटींवर जाहिरातदार खेळाडूची सही स्टिकरवर छापलेली असते. ती फसवणूक नसते, परंतु हस्तलिखित सही म्हणून तिला किंमत नसते.
* सहायकाने केलेली सही – चाहत्यांच्या पत्रांना उत्तर देताना खेळाडूच्या वतीने सचिवाने, कुटुंबीयाने अथवा सहकाऱ्याने केलेली सही.
* ऑटोपेन सही – खऱ्या सहीचा साचा वापरून यंत्राच्या हाताने, खऱ्या पेनने केलेली सही.
* बनावट सही – फसविण्याच्या उद्देशाने अन्य व्यक्तीने केलेली नक्कल.

'सही अस्सल आहे' आणि 'वस्तू सामन्यात वापरलेली आहे' ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. निवृत्तीनंतर एखाद्या खेळाडूने नव्या जर्सीवर केलेली सही अस्सल असू शकते, पण ती जर्सी त्याने मैदानावर घातलेली नसते. विक्रेते अनेकदा या दोन गोष्टी एकत्र मांडतात.

## पार्श्वभूमी

भारतात सह्या गोळा करण्याचा छंद प्रामुख्याने क्रिकेटशी निगडित आहे. मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियम (१९३७) आणि वानखेडे स्टेडियम येथे कसोटी सामन्यांच्या वेळी सह्यांची वही घेऊन खेळाडूंची वाट पाहणारी मुले हे दीर्घकाळ परिचित दृश्य होते. या काळात सहीला मुख्यतः भावनिक मोल होते. मोबाइलमधील कॅमेऱ्याच्या प्रसारानंतर सहीची जागा काही प्रमाणात खेळाडूसोबतच्या छायाचित्राने घेतली, तर सही केलेल्या वस्तूंना बाजारभाव मिळू लागला.

धर्मादाय लिलावांमुळे या वस्तूंच्या किमती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचल्या. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात महेंद्रसिंह धोनी यांनी वापरलेली बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनमधील धर्मादाय कार्यक्रमात १ लाख पौंडांना विकली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी मुंबईतील विप्ला फाउंडेशनसाठी आयोजित केलेल्या लिलावात विराट कोहली यांच्या जर्सीला ४० लाख रुपये मिळाले. अशा लिलावांत वस्तू थेट खेळाडूकडून आलेली असते व तिचे हस्तांतर जाहीरपणे होते. त्यामुळे तिचा उगम सिद्ध करणे सोपे असते. खुल्या बाजारात आणि समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य वस्तूंना असा आधार नसतो.

महाराष्ट्रात पुण्यातील 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय या छंदाचे ठळक उदाहरण आहे. रोहन पाटे यांनी उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते झाले. खेळाडूंना प्रत्यक्ष भेटून त्यांच्याकडून वस्तू व सह्या मिळविणे ही पद्धत संग्राहकासाठी सर्वांत सुरक्षित समजली जाते, कारण तीत खेळाडू आणि संग्राहक यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती नसते.

## बनावट प्रमाणीकरणाचे प्रकार

बनावट सहीपेक्षा बनावट प्रमाणीकरण अधिक परिणामकारक ठरते. सही पाहून ग्राहकाच्या मनात शंका येऊ शकते. ती शंका दूर करण्याचे काम प्रमाणपत्र करते. पुढील प्रकार सर्वत्र आढळतात:

### विक्रेत्याचे स्वतःचे प्रमाणपत्र
वस्तू विकणाराच 'ही सही शंभर टक्के अस्सल आहे' असे लिहून देतो. अशा कागदाचे मोल विक्रेत्याच्या विश्वासार्हतेइतकेच असते. विक्रेत्याचे नाव, पत्ता, वस्तूचे वर्णन आणि परताव्याची हमी नसल्यास ते केवळ सजावटीचे कागदपत्र ठरते.

### नामधारी संस्था
'आंतरराष्ट्रीय', 'जागतिक', 'अधिकृत' अशा शब्दांनी सजविलेल्या नावाची संस्था प्रमाणपत्र देते. प्रत्यक्षात ती विक्रेत्यानेच उभी केलेली असते. तिचे परीक्षक कोण, ते कोणत्या खेळाडूंच्या सह्या तपासतात आणि चूक झाल्यास जबाबदारी कोणाची, याची माहिती कोठेही नसते.

### नामांकित संस्थेच्या होलोग्रामची नक्कल
होलोग्रामची चमकदार पट्टी छपाई-व्यवसायात सहज उपलब्ध असल्यामुळे खऱ्या संस्थेचे बोधचिन्ह वापरून नकली पट्टी तयार केली जाते. तिच्यावरील क्रमांक कधी काल्पनिक असतो, तर कधी दुसऱ्या खऱ्या वस्तूवरून उचललेला असतो. दुसऱ्या प्रकारात संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर नोंद सापडते, पण ती अन्य वस्तूची असते.

### खऱ्या प्रमाणपत्राची अदलाबदल
अस्सल पण स्वस्त वस्तूचे प्रमाणपत्र महाग वस्तूला जोडले जाते. प्रमाणपत्रात फक्त 'सही केलेली क्रिकेट बॅट' एवढेच वर्णन असल्यास ही अदलाबदल ओळखता येत नाही.

### छायाचित्राचा पुनर्वापर
खेळाडू सही करीत असल्याचे एक छायाचित्र अनेक वस्तूंसोबत दिले जाते. खेळाडूने त्या दिवशी सह्या केल्या, एवढेच त्या छायाचित्रावरून सिद्ध होते. विक्रीस असलेली वस्तू तीच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

### क्यूआर कोडद्वारे दिशाभूल
प्रमाणपत्रावरील क्यूआर कोड खऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाऐवजी तिच्यासारख्या दिसणाऱ्या नकली पानावर नेतो आणि तेथे 'वस्तू अस्सल आहे' असा संदेश दिसतो. त्यामुळे संस्थेचा पत्ता स्वतः टंकित करून क्रमांक तपासणे हीच विश्वासार्ह रीत मानली जाते.

## उल्लेखनीय प्रकरणे

### ऑपरेशन बुलपेन
अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने (एफबीआय) १९९०च्या दशकात बनावट क्रीडा-सह्यांविरुद्ध मोहिमा हाती घेतल्या. त्यांपैकी कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो येथे सुरू झालेली 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम सर्वांत प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये अनेक ठिकाणी एकाच वेळी छापे घालण्यात आले आणि पुढील तपासात साठहून अधिक जणांवरील आरोप सिद्ध झाले. या टोळ्यांमध्ये सही करणारा, कोरे साहित्य पुरविणारा, प्रमाणपत्र देणारा आणि विकणारा अशी कामाची वाटणी होती. जप्त मालात मदर तेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही सापडले. अशी वस्तू प्रमाणपत्रासह विकली जाऊ शकत होती, यावरून त्या प्रमाणपत्रांची खरी किंमत स्पष्ट झाली.

या प्रकरणानंतर अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल संघटनेने २००१ मध्ये स्वतःची प्रमाणीकरण योजना सुरू केली. तीत सही पाहून नंतर मत दिले जात नाही. संघटनेने नेमलेला साक्षीदार मैदानावर उपस्थित राहतो आणि वस्तू हातात येताच तिच्यावर क्रमांकित होलोग्राम लावतो. या साक्षीदारांमध्ये पोलीस सेवेतील आजी-माजी कर्मचाऱ्यांचा भरणा असतो. 'नंतरचे मत' आणि 'त्या क्षणीची साक्ष' यांतील फरक या योजनेमुळे रूढ झाला.

### इंडियाना, २०२५
जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या वेस्टफील्ड येथे पोलिसांनी बनावट क्रीडावस्तूंच्या एका विक्रेत्याविरुद्ध तपास केला. नामांकित कंपन्यांच्या होलोग्रामच्या नकला करून लाखो वस्तू विकल्याचा दावा संबंधित विक्रेत्याच्या नावाने समाजमाध्यमावर प्रसिद्ध झाला. दाव्यातील आकड्यांबाबत मतभेद असले, तरी केवळ होलोग्रामवर विसंबून राहण्यातील धोका या प्रकरणामुळे जगभरातील संग्राहकांच्या चर्चेत आला.

### मॅराडोना यांची जर्सी
१९८६च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध दिएगो मॅराडोना यांनी घातलेली जर्सी ४ मे २०२२ रोजी सदबीज या लिलावगृहात सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली. सामन्यानंतर ती इंग्लंडचे खेळाडू स्टीव्ह हॉज यांना अदलाबदलीत मिळाली होती. मॅराडोना यांच्या कुटुंबीयांनी ही जर्सी पहिल्या सत्रातील असल्याचा आक्षेप घेतला होता. लिलावगृहाने सामन्याच्या छायाचित्रांशी जर्सीवरील बिल्ला, पट्टे व क्रमांक यांची जुळणी करून ती दुसऱ्या सत्रातील असल्याचे सांगितले. वस्तू देणाऱ्याचे नाव निर्विवाद असतानाही स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो, हे या घटनेतून दिसते.

## परीक्षणाच्या पद्धती

### मालकीचा इतिहास
वस्तू खेळाडूकडून आजच्या मालकापर्यंत कशी पोहोचली, याची अखंड साखळी हा सर्वांत भक्कम पुरावा समजला जातो. पत्रे, लिलावाच्या पावत्या, सामन्याची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, दिनांकित छायाचित्रे आणि आधीच्या मालकांची लेखी निवेदने यांचा त्यात समावेश होतो. 'एका नातेवाइकाची खेळाडूशी ओळख होती' यांसारखी केवळ तोंडी कथा पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही. कथेत नावे, स्थळ व दिनांक असल्यास त्या स्वतंत्रपणे तपासता येतात.

### कालसुसंगती
वस्तू, शाई, सही आणि सांगितलेला प्रसंग यांचा काळ परस्परांशी जुळणे आवश्यक असते. या तपासणीस विशेष उपकरणे लागत नाहीत आणि अनेक बनावट वस्तू याच टप्प्यावर उघड होतात. उदाहरणार्थ:

* १९८३च्या विश्वचषक विजेत्या संघात १४ खेळाडू होते. त्यांपैकी यशपाल शर्मा यांचे १३ जुलै २०२१ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या एखाद्या कार्यक्रमात 'संपूर्ण संघाने' सह्या केल्याचा दावा असत्य ठरतो.
* १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे विजय मिळविणाऱ्या संघांतील एकनाथ सोलकर (मृत्यू २००५), दिलीप सरदेसाई (मृत्यू २००७) आणि अजित वाडेकर (मृत्यू २०१८) यांच्या सह्यांनाही हाच निकष लागू होतो.
* भारतीय संघाच्या जर्सीची निर्मिती २००६ ते २०२० या काळात नायकी कंपनीकडे होती. त्यानंतर एमपीएल स्पोर्ट्स आणि जून २०२३ पासून आदिदास या कंपन्यांकडे ती गेली. आदिदासचे चिन्ह असलेली जर्सी २०११च्या विश्वचषकात वापरलेली असू शकत नाही.
* प्रायोजकाचे नावही काळ सांगते. सहारा (२०१३ अखेरपर्यंत), स्टार, ओप्पो, बायजूज आणि ड्रीम११ ही नावे ठरावीक कालखंडांतच भारतीय जर्सीवर होती.
* बॉलपेनची व्यापारी विक्री अमेरिकेत १९४५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात पळवणकर बाळू यांनी केली म्हणून दाखविलेली सही बॉलपेनची असल्यास तो दावा टिकत नाही.
* कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून वापरली जाणारी उजळक द्रव्ये साधारणतः १९५०च्या सुमारास प्रचारात आली. अशी द्रव्ये असलेला कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. त्याहून जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या छायाचित्राचा किंवा वहीचा कागद तसा चमकल्यास संशयास जागा राहते.

### हस्ताक्षर परीक्षण
खरी सही सवयीने आणि वेगाने होते. तिच्या रेषांत प्रवाह असतो, दाब कमी-अधिक होतो आणि आरंभी व शेवटी रेषा निमुळती होते. नक्कल करणारा सही 'काढतो', त्यामुळे हाताचा कंप, अनावश्यक ठिकाणी पेन उचलल्याच्या खुणा, सर्वत्र सारखा दाब, बोथट टोके आणि नंतर गिरविलेल्या रेषा भिंगाखाली दिसतात. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसणे हेही संशयाचे लक्षण असते, कारण कोणतीही व्यक्ती दोनदा अगदी सारखी सही करीत नाही. ऑटोपेनच्या सहीत अशी एकरूपता असते आणि रेषेच्या आरंभी व शेवटी शाईचे ठिपके आढळतात.

तुलनेसाठी वापरायचे नमुने त्याच काळातील व खात्रीचे असावे लागतात, कारण वय, आजार आणि घाई यांमुळे सही बदलते. मैदानाबाहेर गर्दीत केलेली सही करारपत्रावरील सहीपेक्षा आखूड असते. इंटरनेटवरील विक्रीच्या पानांवरून नमुने घेतल्यास बनावट सहीची तुलना दुसऱ्या बनावट सहीशी होण्याचा धोका असतो. दूरचित्रवाणीपूर्व काळातील खेळाडूंच्या बाबतीत पत्रव्यवहार व नोकरीतील कागदपत्रे उपयोगी पडतात. ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर खाशाबा जाधव (मृत्यू १९८४) पोलीस सेवेत होते. अशा व्यक्तीची कार्यालयीन सही आणि चाहत्यांसाठी केलेली सही यांतील फरकही विचारात घ्यावा लागतो.

### पृष्ठभाग आणि शाई
प्रत्येक पृष्ठभागावर शाई वेगळी वागते. बॅटच्या विलो लाकडावर मार्करची शाई तंतूंच्या दिशेने किंचित पसरते. बॅटवर पारदर्शक संरक्षक आवरण चिकटविलेले असल्यास ती वरच राहते व पुसट होते. सही आवरणाखाली आहे की वर, यावरून ती कधी झाली याचा अंदाज येतो. जर्सीचे कापड पेनाखाली सरकते, त्यामुळे अक्षरे थोडी ताणलेली दिसतात. चेंडूच्या वक्र चामड्यावर सहीचा तोल बिघडतो. अनेक खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटवर सर्व सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने व नीटनेटक्या अंतरावर असतील, तर त्या एकाच हाताच्या असण्याची शक्यता तपासली जाते.

काचेच्या चौकटीत बसविलेल्या वस्तूची मागील बाजू, शिवण आणि लेबल दिसत नाही. त्यामुळे मौल्यवान वस्तूचे परीक्षण चौकटीबाहेर काढूनच केले जाते.

### छायाचित्र जुळणी
लाकडाच्या रेषा प्रत्येक बॅटमध्ये वेगळ्या असतात. त्यांची संख्या, वळणे, गाठी, स्टिकरची जागा, चेंडूचे व्रण आणि टोकावरील झीज यांची सामन्याच्या छायाचित्रांशी तुलना करून बॅट ओळखता येते. जर्सीच्या बाबतीत क्रमांक व शिवण यांची परस्परांपासूनची अंतरे आणि डाग पाहिले जातात. ही पद्धत वस्तूची ओळख पटविते, परंतु सही कोणी केली हे तिच्यावरून ठरत नाही.

### प्रमाणपत्राची उलट पडताळणी
प्रमाणपत्रावरून वस्तूकडे न जाता वस्तूवरून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जाणे, हे बनावट प्रमाणीकरण टाळण्याचे मुख्य तत्त्व आहे. त्यात पुढील बाबी तपासल्या जातात:

# होलोग्रामवरील क्रमांक संस्थेच्या नोंदीत आहे का.
# नोंदीतील वस्तूचा प्रकार, सहीची जागा, शाईचा रंग आणि छायाचित्र समोरच्या वस्तूशी जुळते का.
# तोच क्रमांक अन्य विक्रीत यापूर्वी दिसला आहे का.
# होलोग्राम वस्तूवर आहे की केवळ कागदावर. कागदावरील होलोग्राम कोणत्याही वस्तूसोबत देता येतो.
# संस्थेने सही प्रत्यक्ष पाहिली, वस्तू हातात घेऊन मत दिले, की केवळ छायाचित्रावरून प्राथमिक मत दिले.
# संस्था आणि विक्रेता यांच्यात आर्थिक संबंध आहे का.

अमेरिकेतील पीएसए, जेम्स स्पेन्स ऑथेंटिकेशन आणि बेकेट या स्वतंत्र परीक्षण संस्था क्रमांक तपासण्याची सोय देतात. १९६५ मध्ये स्थापन झालेला युनिव्हर्सल ऑटोग्राफ कलेक्टर्स क्लब आणि ब्रिटनमधील आफ्टाल या संघटना आपल्या सदस्य-विक्रेत्यांसाठी आचारसंहिता राबवितात. सदस्यत्व हे विक्रेत्याविषयीचे आश्वासन असते. प्रत्येक वस्तूची ती हमी नव्हे.

## मर्यादा

स्वतंत्र संस्थेचे प्रमाणपत्र हेही एक तज्ज्ञमत असते. सही होताना साक्षीदार उपस्थित नसल्यास पूर्ण खात्री देता येत नाही आणि दोन संस्थांची मते परस्परविरोधी असू शकतात. खुद्द खेळाडूलाही अनेक वर्षांपूर्वी घाईत केलेली सही निश्चित ओळखता येईलच असे नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने मुरारी लाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) या निकालात हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत सावधपणे स्वीकारावे, असे म्हटले. मात्र स्वतंत्र दुजोऱ्याविना ते कधीच ग्राह्य धरू नये असा नियम नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

परीक्षणाचा खर्च हीदेखील मर्यादा आहे. परदेशी संस्थेकडे वस्तू पाठविण्याचा, विम्याचा व सीमाशुल्काचा खर्च कमी किमतीच्या वस्तूंना परवडत नाही. त्यामुळे काही हजार रुपयांच्या वस्तू तपासणीविना हातोहात विकल्या जातात.

## भारतातील कायदेशीर स्थिती

स्वाक्षरीयुक्त वस्तूंच्या विक्रीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सही केलेल्या संग्राह्य वस्तूसोबत विक्रेत्याने प्रमाणपत्र देण्याची कायदेशीर तरतूद १९९०च्या दशकापासून आहे. भारतात मात्र पुढील सर्वसाधारण कायदे लागू होतात:

* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ – खोटे वर्णन करून वस्तू विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार आपल्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा मात्र या कायद्यानुसार 'ग्राहक' ठरत नाही. ही तरतूद गुंतवणूक म्हणून खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे.
* ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० – ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याची माहिती आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे.
* भारतीय न्याय संहिता, २०२३ – १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, बनावटीकरणासाठी कलम ३३६ आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरण्यासाठी कलम ३४० आहे. त्यापूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहिता लागू होते.
* भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ – कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत आणि कलम ७२ नुसार सह्यांची तुलना न्यायालयापुढे येऊ शकते.
* पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ – शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मूल्याचे हस्तलिखित वा दस्तऐवज यांच्या निर्यातीवर या कायद्याने निर्बंध आहेत.

तक्रारीत विक्रीच्या वेळचे वर्णन निर्णायक ठरते. 'सहीची प्रतिकृती', 'सही छापलेली' किंवा 'सहीच्या धर्तीवर' असे शब्द बिलावर असल्यास विक्रेता बचाव करू शकतो. खेळाडूचे नाव, 'हस्तलिखित सही', होलोग्रामचा क्रमांक आणि सही बनावट आढळल्यास पैसे परत करण्याची अट बिलावर असल्यास ग्राहकाची बाजू बळकट होते.

## मीरा-भाईंदरमधील तक्रार यंत्रणा

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले शहर आहे. २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. मीरा रोड व भाईंदर ही पश्चिम रेल्वेची स्थानके थेट चर्चगेटशी, म्हणजेच वानखेडे व ब्रेबॉर्न स्टेडियमच्या परिसराशी जोडलेली आहेत. मुंबईत किंवा ऑनलाइन खरेदी केलेल्या वस्तूबाबत येथील रहिवाशाला विक्रेत्याच्या गावी जाण्याची गरज नसते:

* ग्राहक तक्रारीसाठी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाला अधिकार असतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.
* तक्रारपूर्व मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.
* फौजदारी तक्रारीसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये कार्यान्वित झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीतील पोलीस ठाणी आहेत.
* ऑनलाइन पैसे दिल्यानंतर फसवणूक लक्षात आल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठविण्याची शक्यता असते.

तक्रारीसाठी मूळ जाहिरात, संभाषण, बिल, देयकाची नोंद आणि वेष्टन जपून ठेवणे आवश्यक असते. संशयित होलोग्राम काढून पाहिल्यास पुरावा नष्ट होतो.

## संग्राहकांच्या नोंदी

नव्याने मिळविलेल्या सहीचा पुरावा तयार करण्याची सर्वांत योग्य वेळ म्हणजे सही होण्याचा क्षण. सही होत असताना वस्तू स्पष्ट दिसेल असे छायाचित्र किंवा चित्रफीत, दिनांक, स्थळ, सामन्याचे तिकीट, वापरलेले पेन आणि उपस्थितांची नावे अशी नोंद अनेक अनुभवी संग्राहक ठेवतात. वस्तूच्या दोन्ही बाजूंची आणि लाकडाच्या रेषा किंवा शिवण दिसेल अशी जवळून घेतलेली छायाचित्रे पुढे अदलाबदल ओळखण्यास उपयोगी पडतात.

संग्राहकाच्या मृत्यूनंतर वस्तू वारसांकडे जाते तेव्हा तोंडी माहिती लोप पावते. लेखी नोंद नसलेली अस्सल सहीदेखील अशा वेळी संशयित ठरते आणि तिचे मूल्य घटते. दुसरीकडे, बनावट वस्तू संग्रहालयात किंवा पुस्तकात शिरल्यास पुढील तुलनेसाठी तीच नमुना म्हणून वापरली जाते आणि क्रीडा इतिहासाच्या साधनांत कायमची चूक राहते. म्हणून संशयित वस्तू पुन्हा विकण्याऐवजी तिच्यावर तशी स्पष्ट नोंद करून ती संग्रहाबाहेर ठेवली जाते.

## हे सुद्धा पहा

* स्वाक्षरी
* हस्ताक्षरशास्त्र
* होलोग्राम
* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
* वानखेडे स्टेडियम
* मीरा-भाईंदर